मेळघाटातील बांबूकाम आणि गृहसजावट : निसर्ग, परंपरा व उपजीविका यांचा अनुबंध

प्रस्तावना

वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या सपाट मुलखातून उत्तरेकडे निघाले की परतवाड्यानंतर रस्ता चढू लागतो, कपाशीची शेते मागे पडतात आणि सागाचे रान सुरू होते. या चढाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत पसरलेला चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांचा प्रदेश म्हणजे मेळघाट. हा प्रदेश शिक्षित समाजाला प्रामुख्याने तीन कारणांनी परिचित आहे : व्याघ्र प्रकल्प, पर्यटन आणि कुपोषण. येथील माणसे आपल्या हातांनी काय घडवितात, कोणत्या साहित्यातून घडवितात आणि त्या घडविण्यावर त्यांचे पोट भरू शकते काय, हा चौथा विषय मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला आहे.

गृहसजावट हा शब्द उच्चारताच शहरी दिवाणखाना डोळ्यांसमोर येतो. परंतु घर सजविणे ही केवळ संपन्न वर्गाची हौस नव्हे. धान्य साठविण्याची कणगी, निजण्याची बाज, भिंतीचा कूड, दारातील सारवण या सर्व गोष्टी त्या त्या प्रदेशाच्या निसर्गाने माणसाला सुचविलेल्या असतात. घरातील वस्तू पाहून त्या घराभोवतीचे रान ओळखता येते. आज 'निसर्गप्रेरित' आणि 'पारंपरिक' अशा विशेषणांसह विकल्या जाणाऱ्या गृहसजावटीच्या वस्तूंना मोठी बाजारपेठ लाभली आहे. या बाजारपेठेत मेळघाटच्या कारागिराचे स्थान कोणते, हा प्रश्न म्हणूनच सौंदर्यशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा आणि न्यायाचाही आहे. प्रस्तुत लेखात मेळघाटातील बांबूकामाचा नैसर्गिक व सांस्कृतिक आधार, त्याची प्रक्रिया, गेल्या तीन दशकांत त्याला मिळालेले नवे वळण आणि त्यापुढील अडचणी यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. उत्तर युरोपातील देशांनी आपल्या रानातील लाकडातून आणि ग्रामीण कारागिरीतून जी गृहवस्तूंची परंपरा उभी केली, तिच्याशी तुलनाही ओघाने केली आहे.

मेळघाटचा निसर्ग आणि मानवेल

मेळघाटचे अरण्य शुष्क पानगळीचे आहे. साग हा येथील प्रमुख वृक्ष असून त्याच्यासोबत ऐन, धावडा, तिवस, हलदू, मोह, तेंदू, सलई हे वृक्ष आढळतात. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या नद्या हे रान ओलांडून तापीला मिळतात. 'सिपना' हा शब्दच कोरकू भाषेत सागाचे नाव आहे. नदीला झाडाचे नाव देणारा हा समाज आपल्या परिसराशी किती एकरूप झालेला आहे, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

डोंगरउतारांवर सागाच्या सोबतीने बांबू वाढतो. येथील मुख्य जात मानवेल होय. नदीनाल्यांच्या ओलसर काठी वाढणारा काटेरी कटांग बांबू आकाराने मोठा व पोकळ असतो. मानवेल त्या मानाने बारीक, परंतु जाड भिंतीचा असतो. कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढलेली मानवेल तर जवळजवळ भरीव असते. म्हणूनच लाठ्या, तंबूचे खांब, शिड्या आणि अवजारांचे दांडे यांसाठी ती पूर्वापार वापरली जात आहे. बसण्या-निजण्याच्या सामानासाठीही हाच गुण उपकारक ठरतो. पोकळ बांबूला भोक पाडून खिळा किंवा खुंटी मारली असता तो उभा चिरतो. भरीव मानवेल हा ताण पुष्कळ अंशी सहन करते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे झाड नसून गवत आहे. पावसाळ्यात जमिनीतून निघालेला कोंब त्याच हंगामात आपली पूर्ण उंची गाठतो. पुढील वर्षांत तो उंचीने वा जाडीने वाढत नाही, तर आतून पक्का होत जातो. साधारणतः तीन वर्षांनी तो कामास योग्य ठरतो. बेटातील पक्के बांबू काढले आणि कोवळे राखले तर बेट वर्षानुवर्षे टिकते. उलट सर्व बांबू एकदम तोडले किंवा केवळ बाहेरचे, हाताशी येणारे कोवळे बांबू कापले तर बेट खचते. मानवेल काही दशकांच्या अंतराने एकाच वेळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. दुष्काळाच्या काळात या बियांवर माणसांनी गुजराण केल्याच्या आठवणी मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आहेत. सारांश, बांबूचा वापर आणि बांबूचे संवर्धन या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. नेमकी तोड ही बेटाची निगाच असते.

कोरकू घर : सजावटीचे मूळ रूप

मेळघाटातील बहुसंख्य आदिवासी कोरकू आहेत. त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची असून त्या शाखेची ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा मानली जाते. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच 'माणसे' असा आहे. त्यांच्यासोबत गवळी, गोंड, निहाल, बलई आदी समाजही या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत.

पारंपरिक कोरकू गावाची रचना लक्षणीय असते. मध्ये रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या सरळ ओळी, असे हे गाव असते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कोरकूंवर स्वतंत्र प्रकरण आहे. घराचा सांगाडा सागवानी लाकडाचा, भिंती बांबूच्या कामट्यांच्या कुडाच्या, त्यावर माती व शेणाचा लेप आणि वर कवेलू, असा साधारण क्रम असतो. भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या जातात. कुडाची भिंत उन्हाळ्यात तापत नाही आणि पावसाळ्यानंतर सहज दुरुस्त करता येते. सपाटीवरील वऱ्हाडी शेतकरी ज्या कामासाठी पऱ्हाटी किंवा तुरीच्या काड्या वापरतो, तेच काम येथे बांबू करतो.

घराच्या आत फारसे सामान नसते, परंतु जे असते ते नेमके असते. धान्याची बांबूची कणगी मातीने लिंपलेली असते. सूप, टोपली, दुरडी, मासे धरण्याचे सापळे, कोंबड्या झाकण्याची डाली, पावसात पाठीवर घेण्यासाठी बांबूच्या काड्यांत पळसाची पाने गुंतवून केलेले आच्छादन अशा अनेक वस्तू एकाच गवतापासून तयार होतात. त्यांना नक्षी नसते. विणीचा उभा-आडवा ताल हीच त्यांची नक्षी.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. मेळघाटातील प्रत्येक बांबूवस्तूला सरसकट 'कोरकू हस्तकला' म्हणण्याचा प्रघात पडत आहे. वस्तुतः कोरकू हा प्रामुख्याने शेती आणि वनावर जगणारा समाज असून आपल्या घरापुरत्या वस्तू तो करीत असे. विक्रीसाठी टोपल्या, सुपे, तट्टे विणणे हा बुरूड समाजाचा वंशपरंपरागत व्यवसाय होय. सीमेपलीकडील मध्य प्रदेशात याच व्यावसायिकांना बसोड म्हणतात. सपाटीवरील लग्नातील सूप, खळ्यातील टोपले, भाजीबाजारातील डाली या सर्वांमागे बुरुडांचे हात आहेत. कोरकू तरुण मोठ्या संख्येने विक्रीयोग्य बांबूकामाकडे वळले ती घटना अलीकडची आहे. परंपरेचा गौरव करताना तिच्या मूळ धन्याला वगळले जाऊ नये, एवढी दक्षता अभ्यासकाने घ्यावयास हवी.

बांबूपासून वस्तूपर्यंत

बांबूच्या वस्तूविषयी ग्राहकाची नेहमीची तक्रार अशी की ती लवकर किडते. या तक्रारीचे मूळ बांबूच्या स्वभावात नसून तोडीच्या वेळेत आणि प्रक्रियेच्या अभावात आहे. बांबूच्या पेशींत पिष्टमय पदार्थ व शर्करा असते आणि घुणकिडा तीवरच जगतो. वाढीच्या हंगामात हे प्रमाण अधिक असते. म्हणून पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात बांबू तोडावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे शर्करा विरघळून निघून जाते. आधुनिक पद्धतीत बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांच्या द्रावणात बांबू मुरवितात. ही द्रव्ये किडीस घातक असली तरी योग्य प्रमाणात वापरल्यास माणसास तुलनेने निर्धोक असतात. पावसात मात्र ती धुपून जातात. असे बांबू छताखालील वस्तूंसाठीच वापरावेत, हे यातून ओघानेच येते.

यानंतर बांबू सावलीत वाळविला जातो. ही पायरी वऱ्हाडात विशेष महत्त्वाची आहे. मेळघाटातील दमट हवेत घडविलेली खुर्ची मे महिन्यात अकोल्याच्या कोरड्या उष्म्यात गेली की आकसते, सांधे ढिले होतात आणि कांडी चिरतात. पुरेसा वाळलेला बांबू वापरणे हाच यावर उपाय. घाई केलेली वस्तू पहिल्याच उन्हाळ्यात आपली घाई उघड करते.

बांबूचे तंतू उभे असतात. आडवे तंतू जवळजवळ नसतातच. त्यामुळे तो लांबीच्या दिशेने सहज फुटतो आणि कोयत्याच्या एका धारेने त्याच्या लांबच लांब कामट्या निघतात. बाहेरची चकचकीत साल कणखर, तर आतला गर मऊ. कसबी कारागीर साल आणि गर वेगळे करतो, सालीच्या पट्ट्या ताण पडणाऱ्या जागी आणि गराच्या पट्ट्या भरणीसाठी वापरतो. विणीचे प्रकारही उपयोगानुसार ठरतात. धान्य पाखडण्याच्या सुपाला दाट वीण लागते, तट्ट्याला दोन वर-दोन खाली अशी तिरपी वीण शोभते, तर कोंबड्यांच्या डालीला हवा खेळती ठेवणारी षट्कोनी उघडी वीण असते. या षट्कोनी विणीत तीन दिशांच्या पट्ट्या एकमेकींना अडवून धरतात. त्यामुळे कमीत कमी साहित्यात अधिकाधिक ताठपणा येतो. अभियांत्रिकीच्या वर्गात त्रिकोणाची स्थिरता शिकविली जाते. बुरुडाच्या अंगणात ती विणली जाते.

बसण्याच्या सामानाचे गणित याहून निराळे आहे. लाकडाची फळी कापून हव्या त्या मापाची करता येते. बांबू मात्र गोल, निमुळता आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जाडीचा असतो. दोन बांबू तंतोतंत सारखे सापडत नाहीत. चार खुर्च्या एकसारख्या करावयाच्या तर आधी बांबूंची प्रतवारी, मग साचे, मग पेरांच्या जागा पाहून छेद, अशी शिस्त लागते. छेद पेराजवळ घेतला तर बांबू फुटत नाही, दोन पेरांच्या मधोमध घेतला तर फुटतो. टोपली विणणाऱ्या हाताला ही शिस्त नव्याने शिकावी लागते. कौशल्याचा पाया जुना, परंतु त्यावरील इमारत नवी, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

लवादा येथील प्रयोग

हे स्थित्यंतर घडवून आणण्याचा मेळघाटातील सर्वांत उल्लेखनीय प्रयत्न धारणी तालुक्यातील लवादा या गावी झाला. सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे या दाम्पत्याने १९९० च्या दशकात तेथे वास्तव्य करून 'संपूर्ण बांबू केंद्र' उभे केले. नागपूरचे वास्तुरचनाकार विनू काळे यांनी बांबूचा जो सखोल अभ्यास केला होता आणि जो पुढे 'वेणुभारती' या ग्रंथातून प्रकट झाला, त्याची प्रेरणा या कार्यामागे होती. बांबू हा गरिबाचा कच्चा माल आहे, त्यावर प्रक्रिया करण्यास मोठे भांडवल लागत नाही आणि कारागिराला आपले गाव सोडावे लागत नाही, ही या कार्यामागील मूळ धारणा होय.

या केंद्रात स्थानिक तरुण-तरुणींना बांबू ओळखण्यापासून त्यावर प्रक्रिया करण्यापर्यंत आणि वस्तू घडविण्यापर्यंतचे शिक्षण मिळाले. खुर्च्या, मेज, दिवे, शोभेच्या व रोजच्या वापराच्या वस्तू, बांबूच्या राख्या, इतकेच नव्हे तर बांबूची घरे असा त्याचा विस्तार होत गेला. २०२१ मध्ये सुनील देशपांडे यांचे निधन झाले. एखाद्या व्यक्तीच्या ध्यासातून उभे राहिलेले काम समाजाच्या हाती कितपत रुजले आहे, याची कसोटी अशा प्रसंगानंतरच लागते. महाराष्ट्रात अन्यत्रही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ येथे २००४ पासून कार्यरत असलेली 'कॉनबॅक' ही संस्था त्यांपैकी एक होय. मात्र कोकणातील बांबू बहुतांशी शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचा असतो, तर मेळघाटातील बांबू वनात असतो. हा भेद वरकरणी लहान वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत.

मेळघाटात या रोजगाराचे मोल का आहे, हे समजण्यासाठी तेथील वर्षचक्र पाहावे लागते. शेती पावसावर अवलंबून आहे. खरिपाचे पीक हाती आल्यावर, दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे कामाच्या शोधात सपाटीवर उतरतात आणि होळीला गावी परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. या स्थलांतरात मुलांची शाळा सुटते, गरोदर माता व बालके आरोग्यसेवेच्या कक्षेबाहेर जातात. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंकडे संपूर्ण देशाचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर झालेल्या चर्चेत आहार व औषधे यांच्या जोडीला गावातच मिळणाऱ्या कामाचा प्रश्नही वारंवार पुढे आला आहे. येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. बांबू तोडण्याचा आणि वाळविण्याचा योग्य काळ हिवाळ्याचा, म्हणजे नेमका स्थलांतराचा काळ आहे. निसर्गाने जणू रिकाम्या महिन्यांचे काम आखून ठेवले आहे. ते काम माणसांच्या हाती पोहोचत नाही, हीच खरी अडचण.

उत्तर युरोपाचा धडा

जगाच्या नकाशावर उत्तरेकडील निसर्गापासून घडलेल्या गृहवस्तूंचा विचार करताना स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आदी देशांचे नाव अग्रक्रमाने येते. दीर्घ हिवाळा, अल्प प्रकाश आणि भूर्ज व पाइन यांची अरण्ये, अशी तेथील परिस्थिती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रोत्पादित स्वस्त वस्तूंमुळे तेथील ग्रामीण हातकाम मोडकळीस येऊ लागले होते. १८९९ मध्ये लिली झिकरमन या विदुषीने स्वीडनमध्ये गृहोद्योग-हस्तकलेची संघटना स्थापन केली. ग्रामीण कारागिरांच्या नमुन्यांची नोंद करणे, दर्जा राखणे आणि शहरात विक्रीची सोय करणे, हे तिचे कार्य होते. त्याच वर्षी एलेन की यांनी सौंदर्य हे सर्वांसाठी असावे असा विचार मांडला. सुंदर वस्तू म्हणजे महागडी वस्तू नव्हे, तर उपयोगास योग्य आणि प्रामाणिक वस्तू, अशी त्यामागील भूमिका होती.

फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी १९३३ मध्ये तीन पायांचे एक साधे स्टूल निर्माण केले. ते त्यांच्या देशातील भूर्जाच्या लाकडाचे होते. हे लाकूड सहज वाकत नाही. आल्टो यांनी पायाच्या वरच्या टोकाला तंतूंच्या दिशेने बारीक चिरा दिल्या, त्यांत पातळ पापुद्रे चिकटविले आणि मग तो भाग काटकोनात वाकविला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'आर्टेक' या संस्थेमार्फत ते जगभर पोहोचले आणि आजही त्याचे उत्पादन होते. या उदाहरणाचे मर्म स्टुलाच्या आकारात नाही. आपल्या रानातील लाकडाचा स्वभाव ओळखून, त्याच्या मर्यादेतूनच नवे रूप शोधणे, हे ते मर्म होय. मेळघाटच्या मानवेलीचा असा अभ्यास आपल्या प्रयोगशाळांतून किती झाला, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयास हवा.

या तुलनेत सावधगिरीही हवी. उत्तर युरोपातील चळवळीमागे सार्वत्रिक शिक्षण, सहकारी संस्थांचे जाळे आणि कच्च्या मालाची खात्रीची उपलब्धता होती. केवळ त्या देशांतील वस्तूंचे आकार उचलून ते बांबूत उतरविणे म्हणजे फळाची नक्कल करून मुळाकडे दुर्लक्ष करण्यासारखे होईल.

कच्च्या मालाचा प्रश्न

१९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने ते पाऊल मोलाचे ठरले. परंतु अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातून वनोपज काढण्यावर निर्बंध आले आणि अंगणासमोरचा बांबू कारागिरासाठी दुरावला. चालू शतकाच्या आरंभापासून गाभा क्षेत्रातील काही गावांचे पुनर्वसन सपाटीवर झाले. त्या कुटुंबांचे बांबूशी असलेले रोजचे नाते तर पूर्णतः तुटले.

कायद्याच्या दृष्टीने बांबूची कथा उद्‌बोधक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचा समावेश केला होता. त्यामुळे गवत असूनही त्याच्या तोडीस व वाहतुकीस वृक्षाचे नियम लागू झाले. एकीकडे कारागिराला एका बांबूसाठी परवाना लागे, तर दुसरीकडे कागद गिरण्यांना तोच बांबू मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होई. मेळघाटच्या पश्चिमेस असलेल्या नेपानगर येथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वर्तमानपत्री कागद तयार होऊ लागला. सलई आणि बांबू हा त्याचा कच्चा माल होता. गिरणीच्या हिशेबात बांबू वजनावर मोजला जातो. कारागिराच्या हिशेबात तो नगावर, पेरांवर आणि पक्केपणावर मोजला जातो. मोजण्याच्या या दोन रीतींत एकाच वनस्पतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सामावलेल्या आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावरील ग्रामसभेचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती आला. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावानेही सामूहिक वनहक्कांतून उजाड टेकडीचे पुनरुज्जीवन करून दाखविले आहे. पुढे नोव्हेंबर २०१७ मधील अध्यादेशाने वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला आणि त्यानंतर संसदेने तशी दुरुस्ती केली. त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले. मेळघाटातील कारागिरासाठी दोन मार्ग यातून दिसतात. गाभा क्षेत्राबाहेर सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी बांबूची नियोजित तोड करणे हा पहिला. बांधावर आणि पडीक जमिनीवर मानवेलीची लागवड करणे हा दुसरा. दोन्ही मार्गांना काही वर्षांचा धीर लागतो.

बांबूखेरीज अन्य साहित्याचाही विचार करता येईल. कर्नाटकातील माले महादेश्वर टेकड्यांत सोलिगा आदिवासींनी घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या व अन्य सामान तयार करण्यास प्रारंभ केला. घाणेरी ही परदेशी झुडूपवर्गीय वनस्पती देशभरातील जंगलांत पसरून स्थानिक वनस्पतींची जागा घेत आहे. तिच्या वापराने वनाचे नुकसान न होता उलट लाभच होतो.

परंपरेच्या वापराची मर्यादा

निसर्गाच्या वापराला जशी मर्यादा आहे, तशीच परंपरेच्या वापरालाही आहे. कोरकू समाजात मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ किंवा फळी उभारण्याची प्रथा आहे. तिला 'मुंडा' म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार अशा आकृती कोरलेल्या असतात. मृताचा आत्मा पूर्वजांत विलीन व्हावा यासाठी होणाऱ्या 'सिडोली' या विधीशी त्याचा संबंध असतो. कलेच्या दृष्टीने हे मुंडे अत्यंत प्रभावी आहेत आणि म्हणूनच दिवाणखान्यात ठेवण्याच्या शोभेच्या वस्तू म्हणून त्यांच्या प्रतिकृती करण्याचा मोह होऊ शकतो. परंतु जी वस्तू एखाद्या कुटुंबाच्या दुःखाची आणि श्रद्धेची खूण आहे, ती पर्यटकाच्या भिंतीवर टांगणे कितपत उचित, याचा निर्णय बाजारपेठेने नव्हे तर त्या समाजाने करावयाचा आहे. टोपली विकण्यासाठी असू शकते. स्मृती विकण्यासाठी नसते.

नक्षीच्या अनुकरणाचा प्रश्न वारली चित्रकलेच्या बाबतीत आपण अनुभवला आहे. चादरींवर, पेल्यांवर, भेटकार्डांवर वारली आकृती सर्वत्र छापल्या गेल्या, परंतु त्यांतील किती उत्पन्न डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंत पोहोचले? २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापर्यंत अनुकरणाची बाजारपेठ पुष्कळ विस्तारली होती.

या संदर्भात उत्तर युरोपातीलच एक उदाहरण अधिक मार्गदर्शक आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या अतिउत्तरेकडील भागात सामी हा आदिम समाज राहतो. भूर्जाच्या गाठीचे पेले, रेनडियरच्या शिंगांच्या सुऱ्या, मुळांच्या टोपल्या अशा त्यांच्या हस्तकलेला 'दुओजी' म्हणतात. पर्यटकांसाठी तिच्या नकला सर्रास विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९८२ पासून सामींच्या संघटनेने अस्सल वस्तूंसाठी एक खूणचिठ्ठी सुरू केली. वस्तू सामी कारागिराने घडविली असेल तरच ती खूण लागते. येथे 'प्रेरित' आणि 'निर्मित' या दोन शब्दांतील अंतर स्पष्ट होते. सामींपासून प्रेरणा कोणीही घेऊ शकतो, परंतु निर्मितीचा दावा मात्र सामीच करू शकतो. मेळघाटातील कारागिरांच्या, त्यात बुरूड आणि कोरकू दोहोंच्या, संयुक्त संस्थेने अशी खूण निर्माण केल्यास चिखलदऱ्यास येणाऱ्या पर्यटकाला अस्सल वस्तू ओळखता येईल आणि तिचे मूल्य योग्य हातांत जाईल.

महाविद्यालयांची भूमिका

या विषयात उच्च शिक्षणसंस्थांना, विशेषतः संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना, पुष्कळ काही करण्यासारखे आहे. गृहअर्थशास्त्र विभागांनी मेळघाटातील घरगुती वस्तूंची, त्यांच्या विणींची व स्थानिक नावांची सचित्र नोंद करावी. मराठी आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी कोरकू, निहाली व वऱ्हाडी बोलीतील कारागिरीचे शब्द संकलित करावेत. वस्तू नाहीशी झाली की तिचे नावही काही वर्षांत लोपते. वनस्पतिशास्त्र विभागांनी मानवेलीची लागवड व रोपनिर्मिती, रसायनशास्त्र विभागांनी स्वस्त व निर्धोक प्रक्रिया, वाणिज्य विभागांनी कारागिराच्या श्रमाचे योग्य मूल्य काढण्याची रीत, असे विषय हाती घ्यावेत. टोपलीची किंमत ठरविताना बांबूचा खर्च धरला जातो, रानातून तो आणण्याचे, वाळविण्याचे व सोलण्याचे तास मात्र बहुधा हिशेबातच येत नाहीत. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे, महाविद्यालयांनी आपल्या ग्रंथालयांसाठी व अतिथीकक्षांसाठी लागणारे काही सामान या कारागिरांकडून घ्यावे. खरेदी हाही एक प्रकारचा अभ्यासच असतो, कारण वापरल्यानंतरच वस्तूचे गुणदोष कळतात आणि ते कारागिरापर्यंत पोहोचविता येतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की मेळघाटातील बांबूकाम ही केवळ जतन करावयाची जुनी कला नाही. तीत वनस्पतीच्या स्वभावाचे ज्ञान आहे, श्रमाचे नियोजन आहे आणि गावातच राहून जगण्याची शक्यता आहे. ती शक्यता प्रत्यक्षात येण्यासाठी कच्चा माल हक्काने मिळणे, प्रक्रियेची शिस्त पाळली जाणे, कारागिराची ओळख सुरक्षित राहणे आणि श्रमाचे मोल योग्य मिळणे, या चार अटी पूर्ण व्हावयास हव्यात. यांपैकी एक जरी उणी राहिली तरी 'निसर्गप्रेरित' वस्तू दुकानात दिसतील, परंतु त्या निसर्गात राहणारी माणसे दिवाळीनंतर गाठोडी बांधून घाट उतरतच राहतील.

चिखलदऱ्याहून परतणारा प्रवासी सोबत मध नेतो, रबडी नेतो, ढगांची छायाचित्रे नेतो. त्याच्या सामानात मेळघाटच्या मानवेलीची एखादी दुरडी असावी आणि ती विणणाऱ्याला त्या हिवाळ्यात गाव सोडावे लागले नसावे, एवढी अपेक्षा अवास्तव ठरू नये.